मांजराला विटाळ नाही

“मॅडम आहेत का?”

सकाळी दवाखान्याचं शटर वर केलं की पहिला प्रश्न हाच. मी समोर खुर्चीत बसलेला असतो, गळ्यात स्टेथोस्कोप, सरकारी नोकरीत पांढरे झालेले केस. आणि आलेला माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारतो, मॅडम आहेत का. मॅडम म्हणजे माझी सून, अश्विनी. जनावरांची डॉक्टर तीही आहे, पण कुत्र्या-मांजरांची. निवृत्तीनंतर वाईत घर बांधलं, त्याची पुढची खोली मीच तिला दवाखान्याला दिली. टेबल माझं, पंखा माझा. पाटीवर तिचं नाव वर आणि माझं खाली, हेही मीच पेंटरला सांगितलं, मोठेपणा करायला. आता त्या पाटीखालून जाताना रोज पोटात दुखतं.

“आवं, सून हाय ती तुमची, सवत न्हवं,” आमची मंडळी म्हणतात. आमच्या मंडळींना काय जातं म्हणायला!

मी पशुधन विकास अधिकारी होतो. कडेगाव, मग कोयनानगर, शेवटी वाई. सगळी नोकरी गाई-म्हशींच्या मागच्या बाजूला उभं राहून गेली, हे मी न लाजता सांगतो. खांद्यापर्यंत हात घालून अडलेली वासरं बाहेर ओढली. म्हैस माजावर कधी आली, रेतन कधी भरायचं, हे शेतकरी मला विचारायचा आणि मी नुसता तिच्याकडे बघून सांगायचो. कडेगावच्या ऊसपट्ट्यात माझी फटफटी दिसली की लोक रस्त्यात आडवे व्हायचे, “सायब, च्या घेटल्याबिगर जायाचं न्हाई.” म्हैस व्याली की खरवसाचा डबा घरी ठरलेला. मांजर मात्र आमच्या सरकारी दवाखान्यात कधी आलंच नाही. मांजर आजारी पडायचं ते आपलं आपण बरं व्हायचं, नाहीतर दिसेनासं व्हायचं.

आता दिवस फिरलेत. मुलं पुण्याला, आईबाप वाई-साताऱ्यात, आणि घरात नातवंडांच्या जागी मांजर. त्याला नाव, त्याला गादी, त्याला वाढदिवस. आणि बोका वयात येऊन भिंती ओल्या करायला लागला की टोपलीत घालून मॅडमकडे.

ऑपरेशन काय असतं ते सांगतो, कारण गैरसमज लय आहेत. लोक त्याला ‘नसबंदी’ म्हणतात. चूक. नसबंदीत नुसती वाट बंद करतात, बाकी कारखाना चालूच. बोक्याच्या ऑपरेशनात दोन्ही गोळ्याच काढून टाकतात. आमच्या गावाकडच्या भाषेत खच्ची करतात, बैलाला करतात तसंच. पण ‘खच्ची’ शब्द शहरातल्या माणसाला बरा वाटत नाही, म्हणून सगळे नसबंदी म्हणतात आणि मग घोटाळे होतात.

कडेगावचे एक निवृत्त सुभेदार, माझ्या जुन्या ओळखीचे, साताऱ्यात मुलीकडे राहतात. मुलीचा बोका अश्विनीनं खच्ची केला. पुढच्याच आठवड्यात सुभेदार बोका मांडीवर घेऊन बसनं दाखल.

“डाक्टर, तुमच्या सूनबाईचं आपरेशन फेल हाय. ह्यो उशीवर चढतोय. पावणं आलं तर तोंड दावायला जागा न्हाई.”

माझ्या कानाला ते वाक्य किती गोड लागलं म्हणून सांगू! पण खोटं कसं बोलणार. म्हटलं, “सुभेदार, पी हळद अन् हो गोरी असं असतंय व्हय? रक्तातला जुना जोर उतरायला महिना-दीड महिना जातो. तवर हे चालायचंच.”

“पर नसबंदी झाली न्हवं?”

“नसबंदी न्हवं, खच्ची केलाय.”

सुभेदार माझ्याकडे झुकून हळू म्हणाले, “माजी नसबंदी आर्मीतच झाली. म्हणून मी काय माळ घातली न्हवती. म्हणलं, ह्येचं बी तसंच आसंल.” आतल्या खोलीत अश्विनी तोंडावर हात धरून हसत होती. मीही हसलो. पुढे सगळं नीट समजावलं. सुभेदार उठले, रामराम केला, आणि जाता जाता म्हणाले, “बरं झालं भेटला. आता मॅडमनाबी एकदा इचारून घेतो.”

आता बोला.

तर खच्ची केलेलं मांजर चढतं, मान धरतं, पायानं मळतं, आवाज काढतं. हे दिसलं की घरची माणसं लाजून चूर होतात किंवा मांजराला झोडपतात. दोन्ही वेडेपणा. उशिरा ऑपरेशन केलेल्या बोक्याच्या अंगात ते मुरलेलं असतं; सुंभ जळला तरी पीळ जात नाही. काही बोके घाबरले, चिडले, कंटाळले की तसं करतात. घरात पाहुणा आला, बाळ आलं, खिडकीत परका बोका येऊन बसला की सुरू. कधी लघवीचं दुखणं असतं. फार क्वचित एक गोळी खाली उतरलेलीच नसते, पोटात अडकून राहते आणि डॉक्टरच्या हातून सुटते. म्हणून मारायचं नाही, ओरडायचं नाही. कारण शोधायचं. ज्या वस्तूवर चढतो ती धुऊन उचलून ठेवायची, दोरी हलवून त्याला खेळात गुंतवायचं, खाण्याच्या वेळा सांभाळायच्या. आणि कृपा करून फिनेलनं पुसू नका, मांजराला ते विष आहे.

एवढं मला आज येतं. पण हे सगळं मी सुनेकडून चोरून शिकलो. ती लोकांना सांगत असायची आणि मी शेजारी पेपर धरून बसायचो.

हे शिकत होतो त्या वर्षी गुढीपाडवा तोंडावर आला होता. अश्विनी सांगलीला माहेरी गेली होती, भावाचं लग्न होतं. दवाखाना माझा एकट्याचा. मी खुर्ची मध्यभागी घेतली, टेबल पुसलं. दुपारी घाटाजवळच्या गल्लीतल्या काकू आल्या. त्यांचे यजमान गुरुजी नदीकाठच्या एका लहानशा देवळाचे पुजारी. काकूंच्या हातात भाजीची करंडी, वरून पंचा बांधलेला, आत काहीतरी हलत होतं.

“मॅडम आहेत का?”

“नाहीत. मी आहे.”

“मग असू दे. त्या आल्या की येईन.”

“काकू, मीही डॉक्टरच आहे हो!”

“तुम्ही गुरांचे ना?”

असा राग आला होता म्हणता! पण बाहेर ऊन रणरणत होतं आणि काकूंचे गुडघे धरलेले. त्या बसल्या. बसल्या तशा बोलत्या झाल्या. करंडीत दाम्या होता, त्यांचा पिवळा बोका. आदल्या वर्षी अश्विनीनंच त्याचं ऑपरेशन केलं होतं. वर्षभर गुणी बाळ होता, आता दोन महिन्यांपासून वेड्यासारखं करत होता.

“काय करतो?”

काकूंनी दाराकडे बघितलं. “नको ते करतो.”

“कशावर?”

“ह्यांच्या सोवळ्यावर.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरुजी पूजेला जाताना लोकरीची धाबळी नेसत. ती त्यांच्या वडिलांची. ती नेसली की त्यांना कुणी शिवायचं नाही, आणि नेसलेली नसली तरी धाबळीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पूर्वी ती काठीनं उंच दांडीवर टाकत. खांदा धरल्यापासून हात वर जाईना, म्हणून खाली दोरीवर यायला लागली. दाम्या ती ओढून खाली घेई, लोकर दातात धरी, आणि पुढचं काकूंना सांगवेना.

“मग दाम्याला धाबळीच्या खोलीत जाऊच कशाला देता?”

“मांजराला विटाळ नाही ना,” काकू अगदी सहज म्हणाल्या. “ते सोवळ्यात शिवलं तरी चालतं. मी नाही जात तिकडे.”

गुरुजींनी निकाल दिला होता. पाडव्याच्या आत बोका सुधारला तर ठीक, नाहीतर पोत्यात घालून पसरणीच्या घाटात सोडून येणार. “मुलं पुण्याला,” काकू म्हणाल्या. “हे सकाळी देवळात, दुपारी झोपतात, संध्याकाळी पारावर. दिवसभर माझ्याशी बोलतो तो एवढाच. घाटात एक रात्र तरी काढेल का हो तो? कुत्री फाडतील त्याला.” त्यांनी पंचाखाली हात घातला आणि दाम्यानं तो चाटला. मला गलबलून आलं.

पण खरं सांगू? त्याच वेळी मनात लाडूही फुटत होते. वर्षानं सुरू झालंय, म्हणजे एक गोळी पोटात राहिली असणार. म्हणजे सुनेची चूक! ती लोकांसमोर आणायची संधी चालून आली होती. खूण सोपी असते. खच्ची न केलेल्या बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात, आणि नीट खच्ची केलेल्याचे काही आठवड्यांत झडून जातात. मी दाम्याला टेबलावर आडवा केला, चष्मा लावला, भिंग घेतलं. काटे नव्हते. पुन्हा बघितलं. गुळगुळीत. लघवी तपासली, तीही स्वच्छ. सुनेचं काम चोख होतं. एवढं वाईट मला प्रमोशन हुकलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

करंडी बांधता बांधता काकू म्हणाल्या, “आणि गंमत म्हणजे रोज नाही करत. आठवडाभर धुमाकूळ घालतो. मग दहा-बारा दिवस जसं काही झालंच नाही. मग परत तेच.”

माझे कान टवकारले. अहो, येतं, जातं, परत येतं, हे काय मला नवीन होतं? हयातभर मी तेच तर मोजलं. माजाचं चक्र होतं ते. दाम्याचं नव्हे, त्याला कुठलं चक्र! कुठली तरी भाटी, म्हणजे मांजरी, माजावर येत होती आणि तिचा वास याच्या नाकात जात होता. भाटीला बोका मिळाला नाही तर ती दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते.

“शेजारी मांजर आहे कुणाचं?”

“छे. गल्लीत आमचा दाम्याच एकटा.”

संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. “बाबा, काही विशेष?” मी म्हटलं, “काही नाही. दोन कुत्री, इंजेक्शनं.” दाम्याचं नावही काढलं नाही. सांगितलं असतं तर तिनं सांगलीत मेंदी काढता काढता कोडं सोडवलं असतं, आणि काकू म्हणाल्या असत्या, बघा, मॅडमनी फोनवर ओळखलं. ही केस माझी होती. मला ती कुणाला द्यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, आतल्या खोलीला दार नाही, नुसता पडदा. धाबळी दोरीवर होती. मी पुढे झालो तसे गुरुजी ओरडले, “डॉक्टर, हां हां! शिवू नका.”

“नुसता वास घेतो.”

गुरुजींनी क्षणभर विचार केला. “वासाला हरकत नाही.”

मग मी, सरकारचा निवृत्त राजपत्रित अधिकारी, हात पाठीमागे बांधून, वाकून, त्या धाबळीचा वास घेत उभा राहिलो. कापूर, चंदन, जुनी लोकर. आणि खाली कुठंतरी एक आंबूस, ओलसर वास. दाम्या माझ्या पायाशी येऊन त्याच जागेकडे नाक वर करून, तोंड उघडं ठेवून हुंगत होता. आम्हा दोघांचं निदान एकच होतं.

“गुरुजी, ही नेसून जाता कुठं?”

“देवळात. आणखी कुठं जाणार?”

म्हणजे भाटी देवळातच असणार. इथं मी घाई केली. गुपचूप एकटं जाऊन बघायला हवं होतं. पण मला माझी करामत बघायला माणूस हवा होता, गावभर सांगेल असा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनाच म्हटलं, “चला देवळात. तुमच्यासमोरच चोर पकडतो.” गुडघ्यांमुळे काकूंनी देवळाच्या पायऱ्या कधीच्या सोडल्या होत्या. दाम्यासाठी चढल्या. एकेक पायरी, माझ्या हाताला धरून.

देवळाच्या मंडपाला जाळीचं दार आहे. पूजा आटोपून गुरुजी खांबाला टेकून बसले होते, धाबळी नेसून. मांडीवर एक काळी-पांढरी भाटी. तरणी, चकचकीत. ती कंबर वर करून लोळत होती, आर्त ओरडत होती, आणि गुरुजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, “उगी राणी, उगी. कळ आली का? थांब हां.”

मला हसू आवरेना. “गुरुजी, पोटात कळ नाही तिच्या! माजावर आलीय ती. रात्री जाळीचं दार लावता, बाहेरचा बोका आत येत नाही, म्हणून फिरून फिरून माजावर येते. अंग घासते ते तुमच्या धाबळीला. तो वास घेऊन तुम्ही घरी जाता आणि दाम्याचं डोकं फिरतं. तुम्ही पाठीवरून हात फिरवताय ना, त्यानं तिला आणखी जोर चढतो!”

गुरुजींचा हात जागच्या जागी थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी मोठ्या ऐटीत काकूंकडे वळलो. मला वाटलं, आता त्या हात जोडतील, म्हणतील, डॉक्टर, वाचवलंत हो दाम्याला.

काकू गुरुजींपासून चार हातांवर उभ्या होत्या. सवयीनंच तिथं थांबल्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या मांडीकडे बघत होत्या.

“मांडीवर घेता होय तिला?” त्या म्हणाल्या. “सोवळ्यात?”

“अगं, मांजराला विटाळ नाही. शास्त्रच आहे.”

“आणि मला आहे.”

भाटी ओरडत राहिली.

“लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही हे नेसलात की मी भिंतीला चिकटून चालते. ते चार दिवस तर न्हाणीघराशेजारी पोत्यावर निजले. धाकटा तापानं फणफणला होता, तुमची पूजा होईपर्यंत तुम्हाला हाक मारायला जवळ येता आलं नाही मला. कधी बोलले नाही. म्हटलं, रीतच आहे. आणि हिला मांडी? राणी म्हणता. मला जन्मात ‘अगं’शिवाय हाक नाही हो!”

त्या वळल्या आणि एकट्याच पायऱ्या उतरायला लागल्या. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अश्विनी परत आली. आता लपवणं शक्य नव्हतं, सगळं सांगितलं. ती खुर्चीतून उठून म्हणाली, “बाबा, कमाल केलीत! मी असते तर आधी सोनोग्राफी, मग रक्त, असं करत बसले असते. चक्रावरून पकडणं मला सुचलं नसतं.” एक दुपारभर मी हवेत होतो.

राणीचं ऑपरेशन त्याच आठवड्यात केलं. भाटीचं काम बोक्यापेक्षा अवघड, पोट उघडावं लागतं. मी तिला धरायला होतो. अश्विनीनं बोटाच्या पेराएवढा छेद घेतला, बारीक आकडा आत घातला आणि सुताचा दोरा ओढावा तशी पिशवी अलगद बाहेर काढली. मी माझ्या हातांकडे बघितलं. म्हशीच्या मापाचे हात ते. त्या छेदात माझी करंगळी शिरली नसती. जीव जळतो म्हणजे काय ते त्या टेबलाशी कळलं. आणि तरी मी मान वाकवून बघत राहिलो, कारण काम लय देखणं होतं. गुरुजी राणीला न्यायला आले तेव्हा म्हणाले, “मॅडमच्या हाताला गुण आहे.” निदानाचं नाव कुणी काढलं नाही.

तिकडे गुरुजींच्या घरी काकूंचं बोलणं बंद होतं. ताट वाढायच्या आणि पडद्याबाहेर बसायच्या. आणि दाम्याचं दुखणं संपलं नव्हतं. राणीचा माज थांबला, पण लोकरीत मुरलेला वास तसाच होता. ती धाबळी रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून, दोन्ही हातांनी चोळून धुवायला हवी होती. गुरुजींनी धुतली. पण एक खांदा जाम, एका हातानं काय लोकर निघणार! दाम्यानं दुसऱ्याच दिवशी ती परत खाली ओढली.

पाडव्याच्या आदल्या सकाळी गुरुजी दवाखान्यात आले. हातात पोतं. पोत्यात दाम्या असा केकाटत होता की बाकावर बसलेलं कुत्रंसुद्धा गप्प झालं.

“घाटातल्या बसला निघालो होतो,” गुरुजी म्हणाले. “म्हटलं, एकदा विचारावं. एखादं इंजेक्शन आहे का?”

त्यांनी प्रश्न अश्विनीला विचारला होता. ती म्हणाली, “औषधाची गरजच नाही, गुरुजी. धाबळी नीट धुतली की तो थांबेल. नाहीतर दुसरी घ्या.”

“वडिलांची आहे ती.”

“मग काकूंना द्या धुवायला.”

“ते कसं शक्य आहे?”

आता मात्र माझं टाळकं सरकलं. “गुरुजी, काकूंना विचारलंत का, बोका नेतोय म्हणून?”

“ती बोलत नाही माझ्याशी.”

“म्हणून त्यांच्या लेकराला पोत्यात घातलंत? घाण त्या भाटीची, धाबळी तुमची, आणि घाटात जाणार हा? ह्यानं तुमचं काय घोडं मारलंय? आणि तुमचं सोवळं बिघडवलं कुणी? काकूंनी? त्या तर जन्मभर चार हात लांब होत्या!”

अश्विनीनं माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. गुरुजींनी पोत्याची गाठ चाचपली. मग पोतं उचललं आणि बसस्टँडकडे न जाता गल्लीच्या दिशेनं वळले. “बाबा, जा त्यांच्याबरोबर,” अश्विनी म्हणाली. “माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.” मी चपलासुद्धा नीट घातल्या नाहीत.

घरात काकू नव्हत्या. आतल्या खोलीतली दोरी रिकामी होती. गुरुजी मागच्या दारात गेले आणि तिथंच थबकले. मी त्यांच्या मागून बघितलं.

काकू धुण्याच्या दगडाशी बसल्या होत्या, दुखरे गुडघे पसरून. बादलीत रिठ्याचा फेस. धाबळी त्यांच्या हातात होती, दोन्ही हातांत, आणि त्या ती चोळत होत्या. कुणाला विचारलं नव्हतं.

“अगं, ते सोवळं...” गुरुजी म्हणाले.

“आधी पोतं सोडा.”

गुरुजींनी गाठ सोडली. दाम्या बाहेर उडाला, थेट काकूंच्या पदराखाली शिरला आणि तिथून दोन डोळे काढून आमच्याकडे बघत बसला. काकूंनी धाबळी पाण्यातून काढली, उचलून हुंगली, परत बुडवली, परत चोळली. तिसऱ्यांदा हुंगून त्यांचं समाधान झालं. पण ओली लोकर ती, वजनाला केवढी होते! त्यांनी उभं राहून ती धरली तेव्हा मनगटं वाकली आणि पाणी लुगड्यावर ओघळलं.

“मला एकटीला पिळवत नाही,” त्या म्हणाल्या. गुरुजींकडे बघितलंसुद्धा नाही. “तुम्ही धरताय, की डॉक्टरांना सांगू?”

मी तर तयारच होतो. ज्या वस्त्राला मला नाकानंच शिवायची परवानगी होती, त्याचं टोक हातात यायचं होतं. मी बाह्या वर करून पुढे झालो.

“तुम्ही थांबा हो,” गुरुजी फटकन म्हणाले. त्यांनी चांगल्या हातानं मला छातीवर धरून मागं सारलं, स्वतः दगडाशी गेले आणि धाबळीचं लोंबतं टोक पकडलं.

“उलटं नको,” काकू म्हणाल्या. “मी पिळते तसं पिळा.”